दाढेच्या जागी आलेलं मांस

दात काढायला आलेला माणूस आणि दात काढून दोन-तीन आठवड्यांनी परत आलेला माणूस, दोघांचे चेहरे वेगळे असतात. पहिल्याला ठणका असतो आणि कधी एकदा सुटका होते असं झालेलं असतं. दुसऱ्याला ठणका नसतो. तो खुर्चीत नीट बसायच्या आधीच आ वासून बोट आत घालतो आणि म्हणतो, "मॅडम, दाढ उपटली तिथनं मांस वर आलंय." मग आवाज खाली आणून विचारतो, "तसलं काही नाही ना?"

'तसलं' म्हणजे काय, हे बार्शीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावात नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथूनच सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांतून कुणाला कॅन्सर झाला, कुठला झाला, हे टिपून ठेवणारी माणसं त्या कामासाठी वाड्यावस्त्यांवर फिरली. त्यामुळे कॅन्सर हा आमच्याकडे शहरातला, पेपरातला आजार राहिलेला नाही. भावकीत, शेजारात कुणीतरी त्या दवाखान्याची पायरी चढलेलं असतंच. दातांचा दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारखीकडे तोंडात काही वाढलेलं घेऊन जो येतो, तो मनातल्या मनात निदान करूनच येतो.

गंमत अशी, की यातली बहुतेक वाढ निरुपद्रवी असते. पण ती निरुपद्रवी का आहे आणि मुळात आली कशी, हे शोधल्याशिवाय तिला हात लावण्यात अर्थ नसतो. इतक्या वर्षांच्या कामातून मी काही शिकले असेन तर ते एवढंच.

दात निघाला की मागे खळगा राहतो. तो रक्ताच्या गुठळीनं भरतो. ती गुठळी म्हणजेच पुढच्या सगळ्या भरावाचा पाया, म्हणून पहिल्या दिवशी चूळ भरू नका, थुंकू नका, पिचकारी मारू नका असं आम्ही परत परत सांगतो. दोन-तीन दिवसांत खळग्याच्या भिंतीतून बारीक रक्तवाहिन्या गुठळीत शिरू लागतात आणि आठवडाभरात तिची जागा लालभडक, मऊ, दाणेदार मांस घेतं. मग कडेची हिरडी हळूहळू त्यावरून सरकत येते. चार-पाच आठवड्यांत वरचं तोंड बंद होतं, आत हाड भरायला मात्र चार-सहा महिने लागतात. हे सगळं ठरल्यासारखं झालं तर माणूस खळगा विसरूनही जातो.

बिनसतं ते खळग्यात काहीतरी राहून गेलं की. हाडाची कपची, मुळाचा तुकडा, जुन्या चांदीच्या भरणीचा कण, काहीही. शरीराला ते नको असतं. ते बाहेर ढकलण्याच्या खटपटीत दाणेदार मांस वाढतच राहतं आणि खळग्याच्या तोंडातून वर डोकावतं. आमच्या पुस्तकात त्याला 'एप्युलिस ग्रॅन्युलोमॅटोसा' म्हणतात. नाव भारदस्त आहे, प्रकार साधा आहे.

मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ असेच आले होते. खालची दुसरी दाढ त्यांनी बाहेरगावी काढून घेतली होती. "लई तुटत तुटत निघाली," असं त्यांनी सांगितलं, आणि माझं अर्धं काम तिथंच झालं. तोंडात पाहिलं तर खळग्यातून वाटाण्याएवढा लाल गोळा वर आलेला. प्रोबच्या टोकानं नुसतं टेकवलं तरी रक्त. त्यांना मात्र काही जाणवलं नाही, कारण या मांसात रक्तवाहिन्या खच्चून असतात आणि चेतातंतू जवळजवळ नसतात. रक्त येतंय आणि दुखत नाही, या जोडीनंच माणूस घाबरतो. दुखलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

छोटा एक्स-रे काढला. खळग्याच्या आतल्या भिंतीपासून सुटलेली एक पांढरी रेघ दिसली. जबड्याला भूल दिली, पंधरा नंबरच्या ब्लेडनं तो गोळा बुडातून सोडवला आणि क्युरेट आत घातला. मऊ मांस खरवडताना हाताला काही लागत नाही. मध्येच धातूवर काहीतरी घासल्याचा बारीक आवाज आला. तिथंच थांबून, हलक्या हातानं कडेकडेनं उचललं, तर चार-पाच मिलिमीटरची हाडाची कपची गॉजवर आली. एका बाजूला धारदार, रंगानं पिवळट. सलाईननं खळगा धुतला, हाडाची बोचरी कड घासून गुळगुळीत केली, एक टाका घातला. त्यांनी कपची बघायला मागितली. तळहातावर घेऊन, खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "एवढ्यापायी तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता."

कपची न काढता नुसता गोळा कापला असता, तर महिन्याभरात तो पुन्हा उगवला असता. आणि दुसऱ्यांदा उगवलेल्या गोळ्याची भीती पहिल्यापेक्षा दुप्पट असते, कारण 'कापलं की वाढतं' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी आहे.

कारण वेगळं असलं तरी दिसायला असाच गोळा गरोदर बाईच्या हिरडीवर येतो. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली, सोबत आई. दोन दातांमधल्या हिरडीवर लाल गाठ, सकाळी उशीवर रक्ताचे डाग. रक्त येतं म्हणून पोरीनं त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं, त्यामुळे तिथं कीटण साचलं होतं आणि कीटणामुळे गाठ आणखी फुगली होती. शेजारपाजारच्या बायकांनी 'तो दातच काढून टाक' असा सल्ला दिलेला. दाताचा त्यात काही गुन्हा नव्हता. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरडी जराशा कारणानंही चेकाळते. मी कीटण काढलं, मऊ ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं आणि गाठीला हात लावला नाही. या गाठी बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपसूक आक्रसतात. उरल्याच तर तेव्हा काढता येतात, आणि तेव्हा रक्तही कमी जातं. आईला हे पटेना. "नुसतं बघत बसायचं?" हा तिचा प्रश्न होता. काहीच न करण्याचे पैसे घेणारा डॉक्टर माणसांना पटत नाही, हे मलाही कळतं. पोर बाळाला घेऊन आली तेव्हा हिरडीवर फक्त एक गुलाबी उंचवटा उरला होता.

वरची दाढ काढल्यावर क्वचित येणारा एक प्रकार आहे. वरच्या दाढांची मुळं गालफडातल्या हवेच्या पोकळीला, म्हणजे सायनसला, भिडलेली असतात. दाढेबरोबर तिथला पातळ पापुद्रा फाटला तर तोंड आणि नाक यांच्यात वाट पडते. चूळ भरली की पाणी नाकातून येतं. वाट तशीच राहिली तर सायनसच्या आतलं सुजलेलं अस्तर त्या भोकातून तोंडात लोंबायला लागतं. ते कापून काही साधत नाही. आधी सायनसमधला संसर्ग आटोक्यात आणायचा, मग भोक बुजवायचं. अशा पेशंटला मी जबड्याच्या सर्जनकडे पाठवते. निळसर-जांभळी गाठ असेल तर माझ्या मनात वेगळी शंका येते. महाकाय पेशींची म्हणून ओळखली जाणारी ती गाठ फक्त हिरडीवर किंवा दात गेलेल्या जागेवर येते, काढल्यावरही काही जणांत परत येते. क्वचित तिच्यामागे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा बिघाड असतो, म्हणून मी रक्तातलं कॅल्शियमही तपासून घेते.

आणि काही वेळा वाढ नसतेच. खालचे दात काढल्यावर रिकाम्या जागेत जीभ फिरायला लागते आणि तिला आतल्या बाजूचा टणक उंचवटा सापडतो. माणूस म्हणतो, कालपर्यंत नव्हता. मी त्यांचंच बोट धरून दुसऱ्या बाजूला नेते. तिथंही तसाच उंचवटा असतो, कित्येक वर्षांपासून. तो जबड्याच्या हाडाचा भाग. जिभेला मोकळी जागा मिळाली म्हणून आत्ता सापडला, इतकंच.

कवळीवाल्यांची गोष्ट निराळी. सगळे दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त. कवळी आहे तशीच राहते आणि तिच्याखालचा जबडा बारीक होतो. मग ती खाली-खाली रुतते आणि तिची कड ओठ आणि जबडा यांच्यामधल्या खाचेत घुसत राहते. रोजच्या त्या घासण्यानं तिथल्या मांसाच्या घड्या पडतात आणि कवळीची कड दोन घड्यांच्या मध्ये जाऊन बसते. वैरागकडचे एक आजोबा अशी घडी घेऊन आले. त्यांची मागणी सोपी होती: कवळी चांगली आहे, मांस तेवढं छाटा.

मी म्हटलं, "आजोबा, आधी कवळी तीन आठवडे काढून ठेवायची. सूज उतरेल, मग काय उरतं ते बघू."

"तीन आठवडे? नातवाचं लगीन हाय पंधरा दिसांनी."

"मग लग्न झाल्यावर काढून ठेवा."

"आन लग्नात सैल कवळीनं मंगलाष्टकं म्हणू? अक्षतांबरोबर तीबी पडायची."

शेवटी तोडगा निघाला. कवळीची रुतणारी कड घासून आखूड केली, आतून मऊ अस्तर लावलं, रात्री काढून पाण्यात ठेवायची असं कबूल करून घेतलं. लग्न पार पडल्यावर त्यांनी शब्द पाळला. अर्धी घडी आपोआप बसली, उरलेली मी काढली, जखम भरल्यावर नवीन कवळी केली. जुनी कवळी मात्र त्यांनी फेकली नाही. ती अजून फडताळात आहे, असं सुनेनं सांगितलं. चांगल्या वस्तूला दगड लागला तरी फेकू नये, हे त्यांचं मत.

इथवरचं सगळं निभावण्यासारखं. आमच्या भागातली खरी अडचण दुसरीच आहे. 'दाढ काढली की कॅन्सर होतो' ही समजूत. वरची दाढ काढली की नजर जाते, ही दुसरी. नजरेची भीती तरी माणसं हसत बोलून दाखवतात. कॅन्सरची भीती मनात ठेवतात आणि किडलेली, पू झालेली दाढ वर्षानुवर्षं तशीच सांभाळतात. गाल सुजला की मेडिकलमधून गोळ्या आणतात, उतरला की विसरतात.

या समजुतीला हसून चालत नाही, कारण ती कुणाच्या तरी डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीतून आलेली आहे. एक बाई मला आठवतात. पन्नाशीच्या, शेतात राबणाऱ्या, मिसरी लावायची सवय लहानपणापासूनची. खालची एक दाढ हलायला लागली. कीड नव्हती, ठणका नव्हता, नुसती हलत होती. कुणीतरी ती काढून दिली. निघालीही चटकन. पण खळगा भरेना. दीड महिन्यानं माझ्याकडे आल्या तेव्हा तिथून मांस वर आलेलं होतं. हमालदादांच्या गोळ्यासारखं ते मऊ नव्हतं, बोटाला टणक लागत होतं. कडा उचललेल्या, बुडाशी घट्ट चिकटलेल्या. शेजारची दाढही हलत होती. मी विचारलं, "ओठाला काही वाटतं का?" त्या म्हणाल्या, "ह्या बाजूचा ओठ बधिर वाटतोय. भूल दिल्यागत." एक्स-रेमध्ये हाडाची कड कुरतडल्यासारखी.

अशा वेळी मी सगळं कापून काढायच्या भानगडीत पडत नाही. कडेचा, चांगल्या आणि वाईट मांसाच्या सीमेवरचा, एक तुकडा घेते आणि थांबते. सगळं उकरून ठेवलं तर पुढच्या सर्जनला मूळ आजार कुठून कुठवर होता ते कळत नाही, आणि त्याची मोठी शस्त्रक्रिया त्या हद्दीवरच बेतलेली असते. रिपोर्ट आला. जे वाटलं होतं तेच होतं. मी चिठ्ठी लिहून दिली.

मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. म्हणाला, "दाढ काढायलाच नको होती, मॅडम. दाढ काढली आन् हे उठलं."

मी त्याला एक्स-रे दाखवला. आजार आधी होता. त्यानं हाड खाल्लं, म्हणून दाढ हलली. हलली म्हणून काढली. काढल्यावर झाकलेलं उघडं पडलं आणि वर यायला वाट मिळाली. शेजारची दाढ तर कुणी काढली नाही, तरी ती का हलतेय? त्यानं मान डोलावली. त्याला कितपत पटलं कोण जाणे. गावात गेल्यावर त्यानं काय सांगितलं तेही मला माहीत नाही. त्या गावातून पुढे बरेच दिवस दात काढायला कुणी आलं नाही, एवढं मात्र खरं.

त्याचं तरी काय चुकलं? त्याला दिसला तो क्रम तसाच होता. क्रम खरा, त्यातून काढलेला अर्थ उलटा. दात काढल्यामुळे कॅन्सर होत नाही. तो होतो तंबाखूनं, मिसरीनं, सुपारीनं, दारूनं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. आता सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, आणि दोन्ही तळहातावर एकत्र होतात. माझ्या खुर्चीत येणाऱ्या तरुण पोरांपैकी कितीतरी जणांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर आखडून गेलेलं असतं. त्यांची अक्कलदाढ काढणं हीच एक कसरत होऊन बसते.

म्हणून मी साध्या दिसणाऱ्या गोळ्यालाही तपासायला पाठवते. काढलेलं मांस लगेच दहा टक्के फॉर्मालिनच्या बाटलीत जातं. बाटलीत मांसाच्या दसपट तरी द्रव असावा लागतो. पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवून पाठवलं तर ते कुजतं आणि पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. बाटलीवर नाव, वय, बाजू, कुठल्या दाढेची जागा हे सगळं मी स्वतः लिहिते. हमालदादांचा गोळाही असाच पाठवला होता. तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "तुम्ही म्हणताय साधं हाय, मग तपासायला कशाला? तपासायचे पैसे वेगळे?"

हो, वेगळे. हमालाच्या एका दिवसाच्या कमाईवर त्याचा भार पडतो, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "दादा, माझ्या डोळ्याला साधं दिसतंय. ते आत साधंच आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी कागदावर लिहून देऊ शकत नाही. आणि तुम्हाला कागद लागणार आहे. मी नुसतं 'काही नाही' म्हटलं, तर पुढची चार वर्षं आरशात बघून तुम्ही तिथं बोट लावत बसाल." त्यांनी पैसे दिले. रिपोर्ट न्यायला बायकोला सोबत घेऊन आले आणि मला तो मोठ्यानं वाचायला लावला. वाचून झाल्यावर त्यांच्या बायकोनं विचारलं, "म्हणजे नक्की नाही ना?" मी म्हटलं, "नक्की नाही." मग दोघं उठले.

फक्त डोळ्यांनी बघून ठरवणारे आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवणारे, असे दोन्ही प्रकारचे डॉक्टर मी पाहिले आहेत. डोळ्यांनी ठरवणाऱ्यांचं बहुतेक वेळा बरोबरच निघतं, कारण बहुतेक गोळे साधेच असतात. पण ज्या एका वेळी ते चुकतं, त्या वेळी पेशंटचे काही महिने जातात, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये काही महिने म्हणजे फार मोठा हिशोब असतो.

आता दाढ काढली की मी कापूस दाताखाली धरायला देतानाच सांगते, तिसऱ्या आठवड्यात तोंड दाखवायला यायचं. मुद्दाम यायची गरज नाही, बाजाराला याल तेव्हा या. बघायला दोन मिनिटं लागतात. खळगा बुजत आलाय का, कड बोचतेय का, मांस वर आलंय का, आलं असलं तर मऊ की टणक, ओठाला नीट जाणवतंय का, शेजारचे दात घट्ट आहेत का. येणाऱ्या बहुतेकांचं काहीच नसतं. ज्यांचं काही असतं, त्यांच्यातही कपची नाहीतर बोचरी कड निघते. उरलेल्या एखाद्यासाठी हा खटाटोप.

सुरुवातीला मी ही तपासणी मोफत आहे म्हणून सांगायचे, तेव्हा फारसं कुणी यायचं नाही. न दुखणाऱ्या तोंडासाठी कोण एसटीचं तिकीट काढणार? आता दाढ काढतानाच सांगते, की तिसऱ्या आठवड्याच्या तपासणीचे पैसे तुम्ही आजच भरलेत. तेव्हापासून माणसं भरलेले पैसे वसूल करायला बरोबर येतात.